न चाललेल्या सायकलमधलं पाणी

मुरार, ग्वाल्हेर
कोजागिरीनंतरचा गुरुवार

प्रिय राजी,

पाकिटावरचं अक्षर पाहून घाबरली असशील. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे, गुडघा सोडून. बँकेचे आणि पेन्शनचे फॉर्म सोडले तर मी गेल्या कित्येक वर्षांत मराठीत चार ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा चुका काढत बसू नकोस. फोन का केला नाही असं तू विचारशील. तुझा दर रविवारी फोन येतो, औषध घेतलं का, पोळ्यांच्या बाई आल्या होत्या का, गुडघा कसा आहे हे तू विचारतेस, मी हो-हो म्हणतो आणि चार मिनिटांत आपण दोघंही सुटतो. त्या चार मिनिटांत हे मावणार नाही. शिवाय मी सांगायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला तू "जाऊ द्या ना बाबा" म्हणशील, आणि मी लगेच जाऊ देईन. मला आता जाऊ द्यायचं नाही. तुझ्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्या हातून गेली, ते मला या आठ-दहा दिवसांत कळलं. दुसरी जाऊ नये म्हणून लिहितो आहे. दुसरी कोणती ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, तुझा हट्ट माझ्याकडूनच आला आहे.

तुझी सायकल मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिटी सेंटरच्या एका दुकानात नेली होती. दरवर्षीप्रमाणे खंडेनवमीला ती बाहेर काढली, पणजोबांच्या तलवारीशेजारी पाटावर ठेवायला म्हणून धुतली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच पॅडल फिरवून पाहिलं, ते फिरेना. जागेवर घट्ट. दुकानात गरिमा नावाची एक मुलगी आहे, तुझ्याच वयाची असेल, हाताला ग्रीस, केसांना रुमाल बांधलेला. तिने पॅडलच्या दांड्या काढल्या आणि मग मधल्या नळीतलं ते बेअरिंग, ज्याला तुम्ही बॉटम ब्रॅकेट म्हणता, ते पान्याने जोर लावून उघडलं. आतून पाणी आलं. चहाच्या कपात मावेल एवढं, गंजाचं, तांबडं. तिने विचारलं, "अंकल, ये चली कितनी है?" मी म्हटलं, आठ वर्षं चाललेलीच नाही, घरातच उभी आहे. तिने त्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फिर पानी कहाँ से आया?"

मी म्हटलं, धुतो. वर्षातून एकदा धुतो, पूजेला. पंपाने. पूर्वी दर रविवारी धुवायचो. ती काही रागावली नाही, हसलीही नाही. तिने मला बेअरिंग हातात दिलं आणि समजावून सांगितलं. तुला हे सगळं पाठ आहे, पण मी नीट समजलो की नाही ते लिहून बघतो. त्या बेअरिंगच्या दोन्ही तोंडांना रबराचं पातळ सील असतं. पाऊस, उडालेला चिखल, ओढ्याचं पाणी, एवढं ते बाहेर थोपवतं. पंपाच्या धारेपुढे ते टिकत नाही. धार सीलच्या कडेतून आत शिरते, आतलं ग्रीस पातळ करून टाकते, बरोबर टेकडीची बारीक वाळू नेते, आणि मग तेच सील ते पाणी बाहेर येऊ देत नाही. पुढे प्रत्येक पॅडलबरोबर आत वाळूचं दळण चालू होतं. वर्ष-दोन वर्षं चालणारं बेअरिंग महिन्यात संपतं. बादली आणि फडकं पुरे होतं, ती म्हणाली.

मी तिच्याशी वाद घातला, तुला खरं वाटेल. एकवीस वर्षं सैन्यात ट्रक चालवले, शनिवारी मेंटेनन्स परेडला गाडीच्या पोटाखाली झोपून पंपाने धुतलं, साहेब पांढरा रुमाल फिरवून बघायचे, माझ्या गाडीचं बेअरिंग कधी गेलं नाही, असं सगळं ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, धुतल्यावर काय करायचात? मी म्हटलं, ग्रीसगन घेऊन प्रत्येक निपलमधून नवं ग्रीस भरायचो, जुनं पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. बोलता बोलताच मी थांबलो. सायकलच्या या बेअरिंगला निपलच नसतं. एकदा आत गेलेलं बाहेर काढायला वाटच नाही. मी तीन वर्षं परेडचा अर्धा भाग मन लावून करत होतो आणि दुसरा अर्धा तुझ्या सायकलवर करताच येत नव्हता. एवढी साधी गोष्ट. रिटायर झाल्यावर मुरारमध्ये वॉशिंग सेंटर काढलेल्या माणसाला ती कळली नाही.

आता त्या रविवारांबद्दल लिहितो. तुझी आई गेली तेव्हा तू आठवीत होतीस. घरात बोलणं म्हणून उरलंच नव्हतं. मुलीशी काय बोलतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि तूही काही विचारायची नाहीस. मी सकाळी नाश्त्याला बेडईच्या पुऱ्या आणून ओट्यावर ठेवायचो आणि निघून जायचो, तोच आपला संवाद. पण दहावीनंतर तुला ती डोंगरावर चालवायची सायकल घेतली, आणि रविवारी दुपारी तू तिघऱ्याकडच्या टेकड्यांवरून चिखलाने बरबटलेली थेट सेंटरवर यायला लागलीस. मी पंप सुरू करायचो. तू रॅम्पच्या कठड्यावर पाय हलवत बसायचीस, थंडीत हातात तिळाची गजक, आणि मी बोलत सुटायचो. लेहला ट्रकच्या टाकीतलं डिझेल गोठलं होतं ते, तेजपूरच्या पुरात तीन दिवस टपावर काढले ते, तुझ्या आईने लग्नानंतरच्या पहिल्या होळीला पुरणपोळ्या जाळल्या आणि दोष माझ्या शेगडीला दिला ते. सगळं तिथेच सांगितलं. पंपाच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, कदाचित म्हणूनच मला जमायचं. बोलण्याच्या नादात धार मी एकाच जागी धरून ठेवायचो, पॅडलपाशी, कारण तिथे सगळ्यात जास्त चिखल असायचा.

आणि बेअरिंग जात राहिलं. दर पाच-सहा आठवड्यांनी चढावर कटकट सुरू व्हायची, मग पॅडल डुगडुगायचं. पहिल्यांदा मी कंपनीला शिव्या दिल्या. मग तुला. तू मोठ्या गिअरवर उभी राहून पॅडल तुडवतेस म्हणालो, मऊ पायाने चालव म्हणालो, जणू मी स्वतः शर्यती जिंकून बसलो होतो. आणि मग ते वाक्य बोललो जे मला आता लिहायलाही लाज वाटते. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला मी म्हटलं की तुझं वजन बेअरिंगला सोसत नाही. त्या दिवाळीत तू चकलीला हात लावला नाहीस. दोन पोळ्यांची एक झाली. मी मनात म्हटलं, शिस्त लागली पोरीला. राजी, मी खूश झालो होतो.

त्यानंतर पाळी अभिरामची. दौलतगंजातलं त्याचं दुकान केवढंसं होतं, पण तुमचा अख्खा सायकल क्लब त्याच्याकडे सायकली नेत होता. त्याने काय काय केलं नाही! नळीची तोंडं घासून सारखी केली, बेअरिंग कोणत्या कंपनीचं बसवायचं ते बदललं, आट्यांना ग्रीस, बाहेरून जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी. मला ते सगळं नाटक वाटलं. तो नकली माल बसवतो, दर महिन्याला गिऱ्हाईक परत यावं म्हणून, असं मी ठरवून टाकलं. दुसरंही एक मनात होतं, तेही आज लिहून टाकतो. रविवारी संध्याकाळी निवेदिताकडे अभ्यासाला जाते असं सांगून तू सायकल घेऊन निघायचीस आणि त्याच्या दुकानात जायचीस, हे मला सेंटरवर येणाऱ्या एकाने सांगितलं होतं. मी तुला विचारलं नाही. बापाने विचारायला हवं होतं, पण मी निकाल लावला आणि गप्प बसलो. निवड चाचणीच्या आधीचे पंधरा दिवस मी अभिरामला सायकलला हात लावू दिला नाही. सायकल सेंटरच्या खोलीत कुलपात ठेवली, रोज सरावानंतर स्वतः धुतली आणि किल्ली खिशात घातली. पावसाचे दिवस होते, चिखल भरपूर. शर्यतीच्या आदल्या दिवशी तर अर्धा तास धुतली. तू कठड्यावर बसली होतीस आणि त्या दिवशी तू मध्येच म्हणालीस, बाबा, आज राहू द्या ना, पुरे झालं. मी म्हटलं, उद्या सगळे बघतील, चमकायला हवी.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही. मी शेवटच्या चढाच्या वर उभा होतो. मध्य प्रदेशच्या संघात दोघी जायच्या होत्या आणि तिसऱ्या फेरीला तू दुसरी होतीस. वळणावर तू दिसलीस, मग पॅडल अडकलं, साखळी उतरली, तू खाली उतरून हाताने फिरवून पाहिलंस. एकदाच. मग सायकल खांद्यावर घेतलीस आणि धावायला लागलीस. अख्खी चौथी फेरी. पाचवी आलीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं, आणि मला तेव्हा वाटलं की तुला पुरेसं दुःखच झालेलं नाही. मी उतरून खाली आलो आणि सगळ्यांसमोर अभिरामची कॉलर धरली. "दो नंबर का माल लगाता है, चोर! मेरी बेटी का सिलेक्शन बेच दिया तूने!" असं ओरडलो, क्लबचे लोक, दुसऱ्या मुलींचे आईबाप सगळे ऐकत होते. तो तुझ्याकडे पाहत राहिला. तू म्हणालीस, "बाबा, त्याची चूक नाहीये," आणि माझ्याकडे पाहिलंस, तोंड उघडलंस आणि परत मिटलंस. मी तुलाही नको ते बोललो, त्याच्याशी तुझं काय आहे ते विचारलं, तेही तिथेच.

महिनाभरात क्लबच्या सायकली दौलतगंजात जायच्या बंद झाल्या आणि वर्षात त्याचं दुकान बंद झालं. तू सायकल भिंतीला टेकवलीस, बी.कॉम. केलंस, बँकेच्या परीक्षा दिल्यास, इंदूरला गेलीस. मला भेटणाऱ्या प्रत्येकाला मी अभिमानाने सांगायचो की खेळाचं वेड वेळेवर उतरलं.

गेल्या शनिवारी मी हजीऱ्याला गेलो. अभिराम तिथे ई-रिक्षा दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. थोडा जाड झाला आहे, चष्मा लागला आहे. मला ओळखलं, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. मी सरळ सांगितलं की चूक माझी होती, पाणी माझं होतं, मला आत्ता कळलं. तो म्हणाला, "काका, मला तर दुसऱ्याच वेळी कळलं होतं." बेअरिंग उघडताच पाणी आलं आणि त्याने तुला विचारलं, धुतं कोण. मग तो मला सांगायला येणार होता आणि तू त्याला शपथ घातलीस. तू काय म्हणाली होतीस ते त्याला शब्दन् शब्द आठवतं. बाबा आठवडाभर बोलत नाहीत, सायकल धुताना बोलतात, ते बंद होईल असं काही करू नकोस. म्हणून तू रविवारी संध्याकाळी त्याच्याकडे जात होतीस. तो बेअरिंग उघडायचा, वाळवायचा, ग्रीस भरायचा, परत बसवायचा, आणि तरी ते पाच-सहा आठवडेच टिकायचं. त्या शेवटच्या पंधरा दिवसांत मी कुलूप लावलं आणि त्याला काहीच करता आलं नाही.

मी त्याला म्हटलं, क्लबच्या लोकांना मी गोळा करतो, सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की चोर तू नव्हतास. तो मान हलवत राहिला. "नको काका. इथे माझं नीट चाललंय. तुम्ही पुन्हा बोललात की लोक पुन्हा तीच गोष्ट काढतील. आता रहने द्या." रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याला माझ्या माफीचा काही उपयोगच नव्हता, राजी. त्याने फक्त एवढंच विचारलं की तू अजून चालवतेस का. मी नाही म्हटलं. त्याने मान खाली घातली आणि रिक्षाच्या वायरी जोडायला लागला. मी टेम्पो पकडून घरी आलो.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. सेंटर बंद ठेवलं आहे. पंपाचा आवाज नको वाटतो. मी तुला काय दिलं असं कुणी विचारलं असतं तर मी ते रविवार सांगितले असते, छातीवर हात ठेवून. माझ्याजवळ मिरवायला तेवढंच होतं. आणि ते रविवार तू तीन वर्षं स्वतःच्या मेहनतीने विकत घेत होतीस, माझ्या चार गोष्टींसाठी, ज्या मी जेवताना ताटावर बसूनही सांगू शकलो असतो. मी नुसतं तोंड उघडायचं होतं. चढावर मी तुझ्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते आता समजतं. तुला माहीत होतं की हे होणार. तरी तू सायकल चमकू दिलीस. यावर काय करायचं ते मला माहीत नाही. भरपाई करता येईल असं यात काही नाही. तू सव्वीस वर्षांची आहेस, ते वय परत येत नाही, अभिरामचं दुकान परत येत नाही, आणि मी दुरुस्त केलेली सायकल घेऊन बसलो आहे.

सायकल दुरुस्तीला का नेली, ते आता सांगतो. घटस्थापनेच्या दिवशी निवेदिता भाजीबाजारात भेटली आणि तिने माझं अभिनंदन केलं. तुझं प्रमोशन झालं आहे, पुण्याला मोठ्या ऑफिसात बोलावलं आहे, आणि तू ते नाकारून ग्वाल्हेरला बदलीचा अर्ज केला आहेस, मी भाद्रपदात रॅम्पवर पडलो म्हणून. मला तू फोनवर एवढंच म्हणाली होतीस, "बघू बाबा, तिकडे यायचं जमतंय का." प्रमोशनचं अक्षरही काढलं नाहीस. आणि मी काय केलं? मी आनंदाने वेडा झालो. पुरे अकरा दिवस. तुझी खोली रंगवायला काढली, पडद्याचं कापड आणलं, सायकल चालती करायला नेली. त्या अकरा दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की तू काय सोडते आहेस. गरिमाने ते पाणी दाखवलं नसतं तर मी तुला स्टेशनवर घ्यायला आलो असतो. तेव्हा ऐक. अर्ज मागे घे, उद्याच घे, आणि पुण्याला जा. पोळ्यांच्या बाई येतात, समोरचे समरजीत डॉक्टर आहेत, पडलो तर उचलायला माणसं आहेत. मी बरा राहीन असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. संध्याकाळी घरात कुणी नसतं तेव्हा मला भीती वाटते, आणि तू यावीस यापलीकडे मला या जगात काही नको आहे. हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू येते आहेस. येऊ नकोस, राजी.

तुझाच,
बाबा